‘थोडे थोडे पाजत राहा’ म्हणजे नेमके किती? (उलट्या होणारे वीस महिन्यांचे बाळ)

अबोली_मानेवाडा | १४ मे, रात्री ९.२०

नमस्कार. माझा मुलगा वीस महिन्यांचा असून त्याचे वजन ११ किलो आहे. आज दुपारी चारपासून त्याला सहा उलट्या झाल्या आणि संध्याकाळनंतर दोन पातळ जुलाबही झाले. सातच्या सुमारास आम्ही त्याला आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पोट, जीभ, डोळे तपासून पाहिले आणि हा विषाणूमुळे झालेला पोटाचा संसर्ग दिसतो, सध्या सलाईनची गरज नाही, घरी ओआरएस थोडे थोडे पाजत राहा, असे सांगितले. उलटी थांबण्याचे एक औषधही त्यांनी लिहून दिले, परंतु त्याचा पहिला डोस पाच मिनिटांतच उलटीवाटे बाहेर पडला.

माझी अडचण ‘थोडे थोडे’ या दोन शब्दांपाशी अडली आहे. त्याला एवढी तहान लागली आहे की पेला दिसताच तो दोन्ही हातांनी ओढून घटाघटा पितो आणि दहा मिनिटांत सगळे बाहेर येते. पेला काढून घेतला तर रडून घर डोक्यावर घेतो. सासूबाईंचे म्हणणे आहे की पोटाला रात्रभर विश्रांती द्यावी, तर यांचे म्हणणे आहे की आत्ताच्या आत्ता जाऊन सलाईन लावून घ्यावे. बाहेर अजूनही गरम वारे सुटले आहेत आणि कूलरसमोर बसूनही मला घाम फुटतो आहे. ज्यांनी हे निभावले आहे त्यांनी कृपया नेमके सांगावे.

जुनी_सिस्टर | रात्री ९.३४

अबोली, प्रथम त्या औषधाबद्दल सांगते. डोस लगेच उलटून पडला असेल तर तो पुन्हा द्यायचा की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारून घ्यावे, आपल्या मनाने दुसरा डोस देऊ नये. हा फोन आधी करा आणि मग पुढचे वाचा.

मी शासकीय रुग्णालयाच्या बालकक्षात तेहतीस वर्षे काम केले आहे आणि ‘थोडे थोडे’ या शब्दांमुळे घाबरलेल्या शेकडो आया पाहिल्या आहेत. थोडे म्हणजे चहाचा एक चमचा, म्हणजेच ५ मिलिलिटर, आणि थोडे थोडे म्हणजे तोच एक चमचा दर दोन मिनिटांनी, तोही घड्याळाकडे पाहून. शेवटची उलटी झाल्यावर दहा मिनिटे काहीही देऊ नका आणि मग सुरुवात करा. चिडलेल्या पोटात एकदम अर्धा पेला गेला की ते ताणले जाते आणि सगळे परत फेकते, पण एक चमचा पाणी आले-गेले ते त्याला कळतही नाही. दोन मिनिटांचा वेगही सोसत नाही असे दिसले, तर अर्धा तास दर पाच मिनिटांनी एक चमचा द्यावा आणि मग हळूहळू अंतर कमी करावे.

पेला त्याच्या नजरेसमोरून काढून स्वयंपाकघरात ठेवा, कारण तहानलेल्या मुलाला तो दाखवून देत नाही म्हणणे हा छळ आहे. वाटी-चमचा घ्या, नाहीतर घरात असेल ते बोंडले किंवा औषधाची बिनसुईची सिरिंज घ्या. त्याला मांडीवर उभे टेकवून बसवा, आडवे नको. सिरिंज वापरणार असाल तर धार घशाच्या दिशेने न सोडता गालाच्या आतल्या बाजूला सोडा, म्हणजे ठसका लागणार नाही. मध्येच एखादी उलटी झाली म्हणून सगळे वाया गेले असे समजू नका. त्याआधी गेलेल्या पाण्यातला बराच भाग आतड्यात पोहोचलेला असतो. पुन्हा दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा पहिल्या चमच्यापासून सुरुवात करा.

संत्र्याची_फोड | रात्री ९.४१

प्रश्न अगदी रास्त आहे. नागपूरच्या पंगतीत ‘थोडेसेच वाढतो’ म्हणणारा माणूस चार पुऱ्या वाढून पुढे सरकतो, त्यामुळे आपल्याकडे या शब्दाला मापच उरलेले नाही. बाळाला लवकर आराम पडो.

गणिती_बाबा | रात्री ९.५२

सिस्टरांनी सांगितलेल्या वेगाचा हिशेब मांडतो, कारण मला स्वतःला त्या हिशेबानेच धीर आला होता. दर दोन मिनिटांनी ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली. दर मिनिटाला दिले तर तासाला ३०० मिली. शरीरातील पाणी थोडेफार कमी झालेल्या मुलाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिली ओआरएस देतात, म्हणजे ११ किलोच्या मुलाला सुमारे ८२५ मिली, अर्थात तासाला दोनशेच्या आसपास. तुमच्या मुलाला सध्या सलाईनची गरज नाही, असे डॉक्टरांनी सांगितलेच आहे. म्हणजे ज्या चमच्याला आपण क्षुल्लक समजतो, तो नेमाने चालला तर सलाईनच्या बाटलीच्या फार मागे राहत नाही.

फक्त चमचा कोणता, हे पाहून घ्या. आमच्या घरी ‘चमचा’ म्हटले की पोह्याचा चमचा पुढे येतो. मी तो सिरिंजने मोजला तेव्हा त्यात जवळजवळ दुप्पट पाणी मावले. औषधाच्या बाटलीबरोबर येणारे मापाचे झाकण सर्वांत खात्रीचे. आणि एका कागदावर चमच्यागणिक रेघ मारत जा. रात्री दोन वाजता ‘आपण किती पाजले’ हे कोणालाही आठवत नाही, आणि उद्या डॉक्टर नेमके तेच विचारतील.

महालातली_आजी | रात्री १०.०५

माझे वय बहात्तर आहे आणि मी चार मुले व सहा नातवंडे वाढवली आहेत. आमच्या काळी पोट बिघडले की एक वेळ लंघन घडवत असत, ‘लंघनं परमौषधम्’ असे वैद्य सांगत, आणि मुले बरी होत असत. आता दर दोन मिनिटांनी तोंडात चमचा कोंबला तर त्या पोटाने सावरायचे तरी केव्हा? रागावू नका, पण तुमच्या सासूबाई अगदीच चुकीचे बोलत आहेत असे मला वाटत नाही. शिवाय दृष्ट काढून टाकायला काय हरकत आहे, मीठ-मोहरीला काही खर्च येत नाही.

जुनी_सिस्टर | रात्री १०.१४

आजी, नमस्कार करते आणि तरी विरोध करते. लंघन घडलेच तर थोडा वेळ अन्नाचे घडावे, पाण्याचे नव्हे. मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढा साठा असतो तेवढा ११ किलोच्या मुलात नसतो, आणि मे महिन्यात या गावात अंगातून नुसत्या घामावाटेही पाणी जात असते. त्या काळी बरी झालेली मुले आपल्याला आठवतात, पण जी गेली त्यांचा उल्लेखही घरात होत नसे. माझ्या आईची दोन भावंडे ‘हगवणीने गेली’ एवढेच आम्हाला ठाऊक आहे, त्यांची नावेसुद्धा कोणाला माहीत नाहीत.

दृष्ट अवश्य काढा. मीठ-मोहरी उतरवायला दोन मिनिटे लागतात, म्हणजे दोन चमच्यांच्या मध्ये ते बरोबर बसते.

महालातली_आजी | रात्री १०.१८

हे मला पटले. माझीही एक धाकटी बहीण अशीच गेली होती.

इतवारीचा_केमिस्ट | रात्री १०.२६

औषधाच्या दुकानात बसणारा माणूस म्हणून दोन गोष्टी सांगणे भाग आहे.

पहिली गोष्ट पुडीची. बाजारात ओआरएसच्या दोन आकारांच्या पुड्या मिळतात. मोठी पुडी, सुमारे २१ ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी असते आणि लहान, चार-साडेचार ग्रॅमची, २०० मिली पाण्यासाठी असते. पुडीवर पाण्याचे माप छापलेले असते आणि ते वाचल्याशिवाय पुडी फोडू नये. मोठी पुडी ‘थोडी आत्ता, थोडी नंतर’ अशी अंदाजाने वापरू नये. संपूर्ण पुडी एक लिटर पाण्यात एकदाच विरघळवावी आणि चोवीस तासांनी जे उरेल ते ओतून द्यावे. एक लिटर मोजायला घरात काही नसेल तर बाजारातील पाण्याची एक लिटरची बाटली हे उत्तम माप आहे. पाणी उकळून गार केलेले असावे, मात्र पुडी घातल्यावर पुन्हा उकळू नये. त्यात साखर, ग्लुकोज पावडर, दूध, फळांचा रस असे काहीही वरून घालू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अनेक वर्षे आमच्या दुकानांतून कागदी डब्यातील गोड पेये ओआरएस या अक्षरांखाली विकली गेली आणि लोकांनी ती आजारी मुलांना विश्वासाने पाजली. त्यांत साखर ओआरएसच्या कितीतरी पट आणि क्षार अपुरे असत. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही घरात जुना डबा पडलेला असेल किंवा कोणी ‘तेच तर आहे’ म्हणून आणून दिला असेल, तर तो या मुलाला देऊ नका. जास्त साखर आतड्यात गेली की ती शरीरातलेच पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, तेवढे पाहावे.

धरमपेठी | रात्री १०.४०

वरील सदस्यांनी पुडीबद्दल जे लिहिले आहे ते मी माझ्या चुकीतून शिकलो आहे, म्हणून लाज सोडून लिहितो. चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीला असाच त्रास झाला असता मी एक लिटरची पुडी एका मोठ्या पेल्यात विरघळवली. माझा विचार असा होता की ती फार कमी पिते आहे, तर जेवढे पिईल तेवढ्यात सगळी ताकद जावी. चार-पाच तासांनी ती अधिकच तहानलेली, चिडचिडी आणि मग सुस्त दिसू लागली. रुग्णालयात रक्त तपासले तेव्हा सोडियम वाढलेले निघाले आणि ते सावकाश खाली आणण्यासाठी तिला दोन दिवस तेथे ठेवावे लागले. तेथील डॉक्टर मला एवढेच म्हणाले की ओआरएस हे औषध आहे, त्याचे सरबत समजू नका. तिची आई अजूनही घरात सरबत करताना मला साखरेच्या डब्याजवळ जाऊ देत नाही.

अबोली_मानेवाडा | रात्री १०.५८

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना फोन केला. डोस लगेच बाहेर पडला असल्याने त्यांनी तो एकदा पुन्हा देण्यास सांगितले आणि तो या वेळी पोटात राहिला आहे. पेला लपवला आहे. साडेदहापासून दर दोन मिनिटांनी सिरिंजने देत आहे आणि कागदावर बारा रेघा झाल्या आहेत. मध्ये एक लहानशी उलटी झाली, मग दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू केले. पुडी मोठी होती आणि मी ती संध्याकाळी अंदाजे दोन पेल्यांत केली होती, हे वाचून ती ओतून दिली व नवी केली.

आता नवी अडचण अशी की त्याला ती खारट चव आवडेनाशी झाली आहे. तो तोंड घट्ट मिटतो आणि फळांच्या टोपलीकडे बोट दाखवतो. संत्र्याचा रस थोडा दिला तर चालेल का?

संत्र्याची_फोड | रात्री ११.०३

नागपुरात राहून मुलाला संत्रे नाकारण्याची वेळ यावी, यासारखे दुर्दैव नाही. मात्र मे महिन्यात मिळणारे संत्रे आपले नसतेच, तेवढेच समाधान.

गणिती_बाबा | रात्री ११.१०

आज रात्री तरी संत्र्याचा रस नको, त्यात साखरही आहे आणि आंबटपणाही आहे. एक गोष्ट मात्र नोंदवतो. कॅनडात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, शरीरातील पाणी अगदी किरकोळ कमी झालेल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना निम्मे पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि त्यानंतर त्यांना आवडेल ते पेय दिले असता त्यांचे चांगले निभावले. ती मुले सौम्य आजारी होती, जवळच रुग्णालय होते आणि तिकडचा उन्हाळा हा आपला उन्हाळा नव्हे. त्यामुळे त्यातून ‘रस चालतो’ असा सरसकट अर्थ काढू नये. मूल ओआरएसला तोंडच लावत नसेल तर काहीच न देण्यापेक्षा थोडे पातळ गोड पाणी बरे, एवढाच अर्थ मी काढतो.

जुनी_सिस्टर | रात्री ११.१९

चवीचा उपाय सांगते. तयार केलेले ओआरएस थंड केले तर खारटपणा कमी जाणवतो. स्वच्छ भांड्यात त्याचा बर्फ गोठवून, तो बारीक कुटून चमच्याने चाटवला तर मुले बहुतेक वेळा घेतात. फक्त मोठा खडा देऊ नये, तो घशात अडकू शकतो. एक गंमत मी नेहमी पाहत आले आहे. ज्या मुलाला खरोखर क्षारांची गरज असते ते ओआरएस आवडीने पिते आणि गरज भागत आली की तोंड फिरवू लागते. त्यामुळे तोंड फिरवणे ही दर वेळी वाईट बातमी नसते. डोळे आणि शू पाहून ठरवावे.

नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी असते, म्हणून ते अधूनमधून द्यावे, ओआरएसच्या जागी देऊ नये. मीठ घातलेली भाताची पातळ पेज, पातळ ताक, साळीच्या लाह्यांचे पाणी, मुगाचे पाणी हे सगळे चालते. आजींच्या पिढीकडे हे ज्ञान होतेच, आजी. साध्या पाण्याचे पेलेच्या पेले मात्र नकोत. उलटी-जुलाबावाटे क्षारही जात असतात आणि नुसत्या पाण्याने रक्तातील सोडियम उतरते. चहा, सोडा, शीतपेये यांचे नावही नको. बाळ अंगावर पीत असेल तर ते अजिबात बंद करू नये, अगदी उलट्या चालू असतानाही, फक्त थोडा थोडा वेळ घ्यावे.

वर्धेकर | रात्री ११.३१

पुडी मिळालीच नाही तर काय करावे, हे कोणी लिहिले नाही. एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा. ‘सपाट’ या शब्दाखाली दोन रेघा मारून घ्याव्यात, कारण शीग भरून घातलेले मीठ धोक्याचे असते आणि वर कोणीतरी सांगितलेल्या पोह्याच्या चमच्याने तर अनर्थच होईल. तयार पाणी चाखून पाहावे. ते अश्रूंपेक्षा खारट लागले तर टाकून द्यावे. हा तात्पुरता उपाय आहे, कारण त्यात पोटॅशियम नसते. पुड्या अंगणवाडीत, आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, तेव्हा उन्हाळ्यात दोन घरात ठेवून द्याव्यात.

चमच्यावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधील बनगाव येथे, पटकी (कॉलरा) पसरली होती आणि शिरेतून देण्याच्या सलाईनचा साठा संपत आला होता. कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. पेल्यांनी पाजण्याचे काम आई, बाप, भाऊ यांनी केले. तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. महालनबीस २०२२ साली गेले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

रात्रपाळी | रात्री ११.५५

मी बालरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि सध्या रात्रपाळीला आहे, म्हणून उशिरा लिहितो आहे. ‘यांचे म्हणणे आहे की सलाईन लावावे’ या वाक्याकडे कोणी वळले नाही, ते काम मी करतो.

आतड्याच्या आतील आवरणावर अशी वाहक प्रथिने असतात जी ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्रच आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जाते. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा बंद होत नाही. म्हणूनच ओआरएसमध्ये दोन्हींचे प्रमाण सारखे, लिटरला ७५ मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), ठेवलेले आहे. २००२ सालापासून जे सूत्र प्रमाण मानतात ते आधीच्या सूत्रापेक्षा थोडे पातळ आहे, आणि त्याने उलट्यांचे व सलाईन लावावे लागण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले आहे. सौम्य आणि मध्यम अवस्थेत तोंडाने दिलेले पाणी सलाईनइतकेच काम करते. शिवाय या वयाच्या मुलाची शीर सापडवताना जे होते ते मी रोज पाहतो, ते टाळता आले तर टाळावे.

परंतु तुमच्या पतीची भीती निराधार नाही. पुढीलपैकी काहीही दिसले तर चमचा खाली ठेवून, रात्रीचे कितीही वाजले असले तरी निघावे. सहा ते आठ तासांत शू न होणे, रडताना अश्रू न येणे, डोळे खोल जाणे, तोंड कोरडे चिकट होणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश खाली बसणे. मूल इतके सुस्त होणे की उठवूनही नीट जागे होत नाही, किंवा पिण्याची ताकदच न उरणे. उलटीचा रंग हिरवा असणे, उलटीत किंवा शौचात रक्त असणे, पोट फुगून ताठ होणे, मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळणे. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेल्या उलट्या हा तर वेगळाच विषय आहे, त्यांचा संबंध पोटाशी लावू नये. नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या सरकारी रुग्णालयांत रात्रभर बालरोग विभागाचे डॉक्टर असतात आणि वाहन नसेल तर १०८ क्रमांक आहे.

डायपरबद्दल एक सूचना. आजचे डायपर एवढे शोषून घेतात की शू झाली की नाही हे हाताला कळत नाही आणि पातळ जुलाबात ती मिसळली तर मुळीच कळत नाही. आज रात्री सुती लंगोट बांधा, नाहीतर स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर कोरडे आणि ओले डायपर तोलून पाहा. आणि डोक्यावरची टाळू दाबून पाहू नका. वीस महिन्यांच्या मुलाची टाळू बहुधा भरून आलेली असते, त्यामुळे तिच्यावरून काहीही ठरवता येत नाही.

अबोली_मानेवाडा | १५ मे, रात्री १.२५

लंगोट बांधला आणि साडेबाराला तो भिजला. या घरात ओल्या लंगोटाचा इतका आनंद यापूर्वी कधी झाला नव्हता. अकरानंतर उलटी नाही. कागदावर त्रेसष्ट रेघा झाल्या आहेत, त्यांतल्या शेवटच्या वीस यांनी मारल्या आणि आता सलाईनचा विषय ते काढत नाहीत. सासूबाईंनी दृष्ट काढली. तो आत्ताच झोपला आहे. त्याला उठवून पाजत राहावे का?

रात्रपाळी | रात्री १.४०

उलटी थांबली आहे, शू झाली आहे आणि झोप नेहमीसारखी वाटते आहे, तर झोपू द्या. दोन-तीन तासांनी एकदा त्याला हाक मारून हलवून पाहा. तो चुळबुळला, कुरकुरला की मांडीवर घेऊन चार-पाच चमचे द्या आणि पुन्हा झोपवा. गाढ झोपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी सोडू नका. कूलरची हवा थेट अंगावर नको, पण खोली थंड असू द्या.

अबोली_मानेवाडा | १५ मे, सकाळी ११.१०

सकाळी सहाला उठला आणि स्वतःहून वाटी ओढली. आतापर्यंत तीन वेळा शू झाली. जुलाब मात्र वाढले आहेत, पहाटेपासून चार झाले. प्रत्येक जुलाबानंतर किती द्यायचे? आणि खायला केव्हा सुरू करावे?

जुनी_सिस्टर | सकाळी ११.३०

उलट्या आधी थांबतात आणि जुलाब त्यानंतर चार-पाच दिवस, कधी आठवडाभर रेंगाळतात, त्यामुळे घाबरू नका. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिली ओआरएस द्यावे, आता चमच्याऐवजी लहान घोट चालतील. जुलाब बंद करण्याची मोठ्यांची गोळी या वयात देऊ नये. खायला आजच सुरू करा, भूक असेल तर आत्ताच. मऊ भात आणि वरण, त्यावर थोडे तूप, केळे, दही. तेल-तूप बंद करून नुसत्या पेजेवर चार दिवस ठेवले तर मूल वाळते. आजारातून उठल्यावर आठ-दहा दिवस दिवसाकाठी एक जेवण जास्त द्यावे.

डॉक्टरांना झिंकबद्दल विचारा. सहा महिन्यांवरील मुलांना रोज २० मिलिग्रॅम असे १४ दिवस देण्याची शिफारस आहे आणि जुलाब थांबले तरी ते अर्ध्यावर सोडायचे नसते. झिंकने कधी कधी पुन्हा मळमळते, म्हणून उलट्या पूर्ण थांबल्यावर सुरू करतात. घरातल्या सर्वांनी साबणाने हात धुवावेत, निव्वळ सॅनिटायझरला या विषाणूंपैकी काही जुमानत नाहीत. माठात हात बुडवून पेला भरण्याची सवय असेल तर आजपासून दांड्याचे ओगराळे वापरा.

धरमपेठी | दुपारी १२.०५

रोटाव्हायरसची लस झाली होती का? आमच्या मुलीची राहून गेली होती.

अबोली_मानेवाडा | दुपारी १२.२०

हो, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना तिन्ही डोस झाले आहेत. मग हे कसे झाले?

रात्रपाळी | दुपारी २.४५

लस फक्त रोटाव्हायरसपुरती असते, पोट बिघडवणारे इतर विषाणू अनेक आहेत. आणि रोटाव्हायरसच झाला असला तरी लस घेतलेल्या मुलाला तो सहसा एवढ्या जोरात होत नाही की रुग्णालयात ठेवावे लागावे. तुम्ही घरी निभावू शकलात त्यात लसीच्या त्या थेंबांचाही वाटा असू शकतो.

हिंगणा_रोड | ६ जून, रात्री ८.१५

जुना धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व. माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. दुपारपासून पाच उलट्या झाल्या. या धाग्यात वाचल्याप्रमाणे दर दोन मिनिटांनी चमचा देत आहे, पण काहीच ठरत नाही. जुलाब नाहीत. शेवटच्या दोन उलट्या हिरवट होत्या. ती मध्येच खूप रडते, मग पांढरी पडून शांत होते. चमचा पाच मिनिटांवर नेऊ का?

जुनी_सिस्टर | रात्री ८.१७

नाही. चमचा बंद करा, तोंडाने आता काहीही देऊ नका आणि लगेच मोठ्या रुग्णालयात निघा. हे चमच्याचे काम नाही. हिरवी उलटी आणि थांबून थांबून येणारे रडणे म्हणजे आतड्याची वाट अडलेली असू शकते. तेथे पोहोचताच ‘हिरवी उलटी’ हे दोन शब्द पहिल्यांदा सांगा.

रात्रपाळी | रात्री ८.२१

सिस्टरांशी पूर्ण सहमत. शेवटचा डायपर बरोबर घ्या, शौच झाली असेल तर ती त्यांना पाहायची असते.

हिंगणा_रोड | ७ जून, सकाळी ७.५०

रात्री नऊच्या आत पोहोचलो. सोनोग्राफीत आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला दिसला. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, गुदद्वारातून दाबाने हवा सोडून त्यांनी तो मोकळा केला. आज दिवसभर देखरेखीखाली ठेवणार आहेत. पहाटे पाच वाजता परिचारिकेने पहिला चमचा पाणी देण्यास परवानगी दिली आणि ‘थोडे थोडे पाजा’ असे सांगून त्या पुढे गेल्या.

संत्र्याची_फोड | सकाळी ८.०२

पाच मिलिलिटर, दर दोन मिनिटांनी. पण आधी त्यांना विचारून घ्या.

हिंगणा_रोड | सकाळी ८.०६

विचारले. त्यांनी दर पाच मिनिटांनी सांगितले आहे. कागद आणि पेन मागवून घेतले.